मुंबईच्या दमट हवेत प्लाय टिकवायचा असेल तर : इपॉक्सीने सील करण्याची पद्धत

सिंकखालच्या कपाटाचा तळ बदलण्याची वेळ भांडुपच्या आमच्या घरात सहा वर्षांत दोनदा आली. पहिल्यांदा प्लायला काहीच लावलेले नव्हते. "ताई, मरीन प्लाय आहे, पाण्यात बुडवून ठेवलात तरी काही होणार नाही," असे सुतारकाकांनी सांगितले होते आणि त्यावर विसंबून आम्ही वरून सनमाइका लावून मोकळे झालो. सिंकच्या पाइपाला बारीक गळती होती. चौथ्या पावसाळ्यानंतर कपाट रिकामे केले तेव्हा सनमाइका शाबूत दिसत होती, पण मागच्या कोपऱ्यात बोट दाबताच ते पेराएवढे आत गेले आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा काळपट लगदा बाहेर आला. दुसऱ्यांदा मी स्वतः इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारा लेप, लावले, पण भर जुलैत, ओलसर प्लायवर आणि फक्त वरच्या बाजूने. तो तळ दोन वर्षेही टिकला नाही. तिसऱ्या वेळी सगळे नीट समजून घेऊन केले आणि तो तळ पाच पावसाळ्यांनंतरही ठणठणीत आहे. पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्याला माझ्यासारखे दोन तळ वाया घालवावे लागू नयेत, म्हणून ही पद्धत क्रमाने लिहून ठेवते आहे. उदाहरण सिंकखालच्या कपाटाचे घेतले असले तरी बेसिनखालचे कपाट, वॉशिंग मशीनचा ओटा किंवा बाल्कनीतले बाकडे यांनाही हीच पद्धत लागू पडते.

१. पाणी नेमके कुठून शिरते ते आधी समजून घ्या

मरीन प्लायवर 'बीडब्ल्यूपी' (बॉइलिंग वॉटर प्रूफ) असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ इतकाच, की लाकडाचे पापुद्रे ज्या गोंदाने एकमेकांना चिकटवले आहेत तो फिनॉलिक गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही. पापुद्रे मात्र लाकडाचेच असतात आणि लाकूड पाणी पिते. म्हणून चांगल्या प्रतीचा मरीन प्लाय पाण्यात सुटा होत नाही, पण सतत ओला राहिला तर कुजतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे मुंबईतली कितीतरी कपाटे आतून पोखरली जातात.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला जगायला ओल लागते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या खाली ठेवला तर ती वाढू शकत नाही. कोरडे लाकूड शंभर वर्षेही उभे राहते. तेव्हा आपले काम दुहेरी आहे : बाहेरचे पाणी आत जाऊ द्यायचे नाही, आणि आत आधीच असलेली ओल कोंडून ठेवायची नाही. दुसऱ्या भागाचा विसर पडतो आणि तिथेच काम फसते.

प्लायचा सपाट पृष्ठभाग पाणी सावकाश पितो. कापलेल्या कडेला मात्र लाकडाच्या तंतूंची तोंडे उघडी असतात, त्यामुळे एखाद्या बारीक नळीतून चढावे तसे पाणी तिथून झपाट्याने आत ओढले जाते. स्क्रूचे प्रत्येक भोक आणि पाइपासाठी कापलेले प्रत्येक गोल म्हणजेही अशी उघडी कडच आहे. माझा पहिला तळ जिथे कुजला होता, तिथे बरोबर पाइपाचे भोक होते.

२. प्लाय निवडताना

ओल्या जागेसाठी आयएस ७१० हा मानक क्रमांक आणि आयएसआयचा छाप असलेलाच प्लाय घ्या. 'एमआर' (मॉइश्चर रेझिस्टंट) किंवा 'कमर्शियल' म्हणून मिळणारा प्लाय कोरड्या खोलीतल्या कपाटाला चालतो. त्यावर इपॉक्सी लावून तो सिंकखाली वापरण्याचा मोह होतो, कारण तो स्वस्त असतो. पण एक ओरखडा खोलवर गेला की आतला गोंदच दगा देतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

दुकानात प्लायची कड नीट पाहा. पापुद्र्यांमध्ये पोकळ्या दिसत असतील, ज्याला सुतार 'गॅप' म्हणतात, तर ती शीट घेऊ नका. एकदा पाणी त्या पोकळीत साठले की बाहेर पडायला त्याला वाट नसते.

३. इपॉक्सी कोणते घ्यावे आणि कोणते घेऊ नये

नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळीच्या परिसरात 'रेझिन द्या' एवढेच म्हटले तर हातात काय पडेल याचा भरवसा नाही. फायबरग्लासच्या कामात वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन वेगळे असते. त्याचा वास उग्र असतो आणि त्याच्यासोबत हार्डनरची अगदी लहान बाटली मिळते, कारण तो शेकडा एक-दोन भागच घालायचा असतो. लाकडाला ते इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही. इपॉक्सीचा हार्डनर प्रमाणाने बराच जास्त, कित्येकदा रेझिनच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा असतो. बाटल्यांच्या आकारावरूनच हा फरक ओळखता येतो.

शोभेच्या वस्तू आणि टेबलटॉप ओतण्यासाठी मिळणारे 'कास्टिंग' रेझिन हेही इपॉक्सीच असले तरी ते जाड ओतकामासाठी बनवलेले असते, फार सावकाश घट्ट होते आणि उभ्या बाजूवर ओघळते. दोन नळ्यांमधले अराल्डाइट चिकटवण्यासाठी आहे, ब्रशने पसरवण्यासाठी नाही. आपल्याला 'कोटिंग' किंवा 'लॅमिनेटिंग' प्रकारचे, दुसरे काही न मिसळलेले इपॉक्सी हवे आणि मुंबईच्या उष्णतेत हार्डनर 'स्लो' हवा. मिश्रणाचे प्रमाण, ते किती मिनिटे वापरता येते आणि दुसरा हात किती तासांनी द्यायचा, या तीन गोष्टी डब्यावर छापलेल्या नसतील तर तो डबा घेऊ नका.

किती लागेल? तीन फूट बाय दोन फुटांचा तळ आणि अडीच फूट बाय दोन फुटांच्या दोन बाजू, अशा कपाटाच्या सर्व फळ्यांच्या दोन्ही बाजू मिळून ३२ चौरस फूट, म्हणजे सुमारे तीन चौरस मीटर होतात. पहिल्या हाताला चौरस मीटरमागे १५० ग्रॅमच्या आसपास आणि पुढच्या दोन हातांना प्रत्येकी १०० ग्रॅम धरले, तर एक किलोपेक्षा थोडे अधिक लागते. कडा, भोके आणि डब्याला चिकटून वाया जाणारा माल धरून दीड किलोचा संच घ्यावा.

४. सामान

• इपॉक्सी रेझिन आणि त्याच कंपनीचा, त्याच रेझिनसाठी बनवलेला हार्डनर
• एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा
• प्लास्टिकचे सपाट बुडाचे पेले, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, रंगाचा उथळ ट्रे
• चार इंची स्पंजचा रोलर आणि कडांसाठी एक-दोन स्वस्त ब्रश, जे काम झाल्यावर टाकून द्यायचे
• ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर. शक्यतो १८० नंबर पाण्यात चालणारा
• इपॉक्सी दाट करण्यासाठी फ्यूम्ड सिलिकाची पावडर, किंवा त्याच प्लायचा चाळून घेतलेला बारीक भुसा
• मेडिकल दुकानातली सुई नसलेली सिरिंज
• नायट्राइलचे हातमोजे, चश्मा, धुळीसाठी चांगला मास्क

हातमोज्यांच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नका. इपॉक्सी कातडीला वारंवार लागले तर त्याची ॲलर्जी निर्माण होऊ शकते आणि एकदा ती झाली की पुढे नुसत्या स्पर्शानेही पुरळ उठते. हाताला लागलेच तर थिनरने पुसू नये, कारण थिनर ते कातडीत अधिक खोल नेतो. कागदाने टिपून साबण-पाण्याने धुवावे.

५. प्लाय वाळवा, आणि वाळला याची खात्री करा

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि तोच मी दुसऱ्यांदा गाळला होता. पावसाळ्यात गोदामातून टेम्पोने घरी आलेला प्लाय हाताला कोरडा लागला तरी आत ओल धरून असतो. त्यावर तिन्ही हात दिले की ती ओल आतच अडकते आणि बुरशीला हवे ते सगळे आपणच पुरवतो.

शक्य असेल तर हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काढा. तेव्हा मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. फळ्या मापाने कापून घ्या, त्यांच्यामध्ये पट्ट्या ठेवून हवा खेळेल अशा रचा आणि पंखा सुरू ठेवा. उन्हात थेट ठेवू नका, फळी वाकते. सामान तोलायच्या लटकत्या काट्यावर एखादी फळी रोज त्याच वेळी तोलून वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. सलग तीन-चार दिवस वजन उतरायचे थांबले म्हणजे त्या हवेत जेवढी ओल जायची तेवढी गेली. माझ्या सात किलोच्या फळीचे वजन पहिल्या आठवड्यात पाव किलोहून अधिक उतरले होते. हे सगळे पाणी मी मागच्या खेपेला आत कोंडले होते. लाकडातली ओल मोजणारे यंत्र मिळाले तर १२ टक्क्यांच्या आसपासचा आकडा पाहून काम सुरू करावे. पावसाळ्यातच काम करणे भाग असेल तर दार-खिडक्या बंद करून एसीच्या खोलीत वाळवणे आणि तिथेच इपॉक्सी लावणे हाच मार्ग उरतो.

६. कापाकापी आणि भोके आधी, इपॉक्सी नंतर

सील केलेल्या फळीला नंतर ड्रिल मारले की सील तुटले. म्हणून कपाट एकदा कोरडेच जोडून पाहा, बिजागऱ्या, चॅनल, पाय आणि पाइप यांची सगळी भोके पाडा, मग सगळे पुन्हा सुटे करा. सुताराकडून करून घेत असाल तर हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगा, कारण जागेवर बसवता बसवता ड्रिल मारण्याची त्याची सवय असते.

काटकोनी धारेवर इपॉक्सी टिकत नाही, ते दोन्हीकडे ओसरते आणि नेमक्या धारेवर थर पातळ राहतो. म्हणून सगळ्या धारा ८० नंबरने घासून पेन्सिलीच्या गोलाईइतक्या बोथट करा. पृष्ठभाग १२० नंबरने घासा, धूळ ब्रशने झाडा आणि कोरड्या कापडाने पुसा.

७. मिश्रण

हार्डनर जास्त घातला की लवकर वाळते, हा समज रंगकाम करणाऱ्यांमध्येही आहे. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी ठरावीक प्रमाणात जोडले जातात. जे जास्त होईल ते तसेच मोकळे राहते आणि थर कायमचा चिकट किंवा मऊ राहतो. डब्यावरचे प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हेही वाचा, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्याने ते आकडे वेगवेगळे येतात. वजनी १०० ला ५० असे प्रमाण असेल तर ८० ग्रॅम रेझिनमध्ये ४० ग्रॅम हार्डनर, असा १२० ग्रॅमचा घाणा पुरे. अंदाजाने ओतू नका.

काडीने तीन मिनिटे सावकाश ढवळा, बाजू आणि बूड खरवडत राहा. मग ते दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. पहिल्या पेल्याच्या कडेला न मिसळलेले रेझिन चिकटून राहते आणि ते फळीवर गेले की तेवढाच ठिपका कधीच वाळत नाही.

मिसळल्यावर लगेच उथळ ट्रेमध्ये ओता. पेल्यात साचून राहिलेले इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि तापल्यामुळे आणखी वेगाने घट्ट होते. मुंबईच्या ३२ अंशांत मोठा घाणा पेल्यात विसरलात तर पेला वितळून धूर निघू शकतो. असे झाले तर तो उघड्या जागी फरशीवर नेऊन ठेवा. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नका, पसरट डब्यात पूर्ण घट्ट होऊ द्या आणि मग टाका.

पातळ व्हावे म्हणून थिनर किंवा ॲसिटोन मिसळण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. पातळ केलेले इपॉक्सी आत जास्त मुरते हे खरे आहे, पण थिनर उडून जाताना मागे सूक्ष्म छिद्रे ठेवतो आणि ज्यासाठी आपण हा खटाटोप करतो तो ओलावा रोखण्याचा गुणच कमी होतो.

८. आधी कडा आणि भोके

पहिल्या घाण्यातले इपॉक्सी ब्रशने फक्त कडांना लावा. दहा मिनिटांत कड पुन्हा निस्तेज, कोरडी दिसू लागेल, कारण तिने ते पिऊन टाकलेले असते. पुन्हा लावा. कड चकाकती राहीपर्यंत, तीन-चार वेळा, हे करत राहा. मग उरलेल्या मिश्रणात सिलिका किंवा भुसा घालून श्रीखंडाइतके दाट करा आणि कडेला दिसणाऱ्या पोकळ्या पट्टीने दाबून भरा. सिलिका मिसळताना मास्क लावा, ती हवेत उडते.

स्क्रूच्या भोकांसाठी थोडे जास्त कष्ट घ्यावेत. चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आठ मिलिमीटरचे भोक पाडा, सिरिंजने आत आधी साधे आणि मग दाट इपॉक्सी भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध तीन मिलिमीटरचे भोक पाडा. आता स्क्रू लाकडात नव्हे, इपॉक्सीच्या बुचात बसतो आणि त्याच्या वाटेने पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

९. तीन हात, सहाही बाजूंनी

वेळ संध्याकाळची निवडा. प्लायच्या आत हवा असते. सकाळी तापमान चढत असताना ती फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे सोडते. संध्याकाळी तापमान उतरत असताना ती आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. ही एवढी गोष्ट पाळल्याने माझ्या तिसऱ्या तळावर टाचणीच्या टोकाएवढेही भोक राहिले नाही.

रोलरने पातळ आणि सारखा थर द्या. पहिला हात लाकूड पिऊन टाकते आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, त्याने निराश होऊ नका. दुसरा हात पहिला पूर्ण कडक होण्याआधी, म्हणजे नखाची खूण उमटते पण बोटाला काही लागत नाही अशा अवस्थेत द्या. तेव्हा दोन्ही थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. तिसराही तसाच. खालची बाजू डोळ्याआड असते म्हणून तिला एकच हात देण्याची चूक करू नका. फरशी धुताना उडणारे पाणी आणि फरशीतून येणारी ओल तिलाच आधी लागते, शिवाय दोन्ही बाजूंचे थर असमान असले की फळी वाकते.

१०. थरावरचा तेलकट पापुद्रा

दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो, कारण हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो. त्यावर पुढचा हात किंवा रंग दिला तर तो सोलपटतो. हा पापुद्रा पाण्यात विरघळतो, म्हणून आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या स्क्रबरने धुऊन कोरडे पुसा आणि त्यानंतरच घासा. उलट क्रम केला तर पापुद्रा घासून थरात बसतो. एक हात देऊन रात्र उलटली असेल तर धुणे आणि १८० नंबरने हलके घासणे, दोन्ही करावेच लागते.

११. वर सनमाइका की रंग

सील केलेल्या फळीवर पांढऱ्या फेविकॉलने सनमाइका चिकटत नाही. त्या गोंदातले पाणी लाकडाने शोषले तरच तो सुकतो आणि आपण तर ती वाट बंद केली आहे. पृष्ठभाग घासून दाट इपॉक्सीनेच सनमाइका चिकटवा, किंवा सुतार ज्याला एसआर म्हणतात तो रबराचा गोंद वापरा. कपाटाच्या आतून मी सनमाइका लावलीच नाही. नुसत्या इपॉक्सीवर गळती लगेच दिसते, सनमाइकाखाली ती महिनोन्महिने लपते.

बाल्कनीतल्या वस्तूवर मात्र काहीतरी लावावेच लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडते, मग खडूसारखे भुरभुरते. पूर्ण घट्ट व्हायला आठवडाभर द्या, घासा आणि बाहेरच्या कामासाठी असलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे किंवा रंगाचे दोन हात द्या.

१२. जोडणी

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि प्रत्येक स्क्रू सिलिकॉन सीलंटमध्ये बुडवून बसवा. कपाट थेट फरशीवर न ठेवता चार इंची पीव्हीसी पायांवर उभे करा, म्हणजे खालून हवा खेळते आणि पोछाही फिरतो. पाइप आणि भोक यांच्यामधली फट सिलिकॉनने भरा.

१३. आधीच कुजलेला प्लाय

कुजलेल्या भागावर पातळ इपॉक्सी ओतून तो 'दगडासारखा' करता येतो असे सांगितले जाते. वरचा थर कडक होतो, खाली बुरशी ओलसर लाकडात तशीच राहते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचत जा. टोक सहज घुसायचे थांबेल त्याच्याही पुढे दोन-तीन इंचांपर्यंतचा भाग कापून काढा, उरलेला महिनाभर वाळवा आणि सील केलेला नवा तुकडा दाट इपॉक्सीने जोडा. निम्म्याहून अधिक फळी मऊ लागत असेल तर ती बदलणेच बरे.

दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, कपाट पूर्ण रिकामे करून टॉर्चने कोपरे, पाइपाचे भोक आणि स्क्रूंच्या टोप्या तपासा. भांडे पडून टवका उडाला असेल तर तिथे थर पांढुरका दिसतो. तेवढा भाग घासा, दोन दिवस पंख्याखाली वाळवा आणि दहा-वीस ग्रॅम इपॉक्सी कालवून भरा. त्यासाठी उरलेले रेझिन आणि हार्डनर झाकण घट्ट लावून, बाटलीवर खरेदीची तारीख लिहून, कोरड्या कपाटात जपून ठेवा, सिंकखाली नको.